तालीम आणि खेळ : मुलांच्या नाट्यवर्गाचे प्रयोजन

नाटकाच्या सरावाला मराठीत 'तालीम' म्हणतात आणि नाटकाच्या प्रयोगाला 'खेळ'. हे दोन्ही शब्द इतके रुळलेले आहेत की त्यांच्यापाशी थांबून विचार करावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'तालीम' हा मुळात अरबी शब्द असून त्याचा अर्थच शिक्षण असा आहे. महात्मा गांधींनी १९३७ साली मांडलेली शिक्षणयोजना 'नई तालीम' या नावाने ओळखली गेली ती याच अर्थाने. 'खेळ' या शब्दामागची कल्पना तर याहून कितीतरी जुनी. नाट्याची उत्पत्ती सांगताना भरताने, देवांनी ब्रह्मदेवाजवळ जे मागितले त्याला 'क्रीडनीयक' म्हटले आहे. म्हणजे खेळणे, मन रमविण्याचे साधन. एकाच कलेला एका बाजूने शिक्षण आणि दुसऱ्या बाजूने खेळ म्हणणाऱ्या भाषेत मुलांच्या नाट्यवर्गाचे समर्थन वेगळे करण्याची गरज वस्तुतः पडू नये.

परंतु ती पडते. एप्रिल-मे महिने आले की मराठी शहरांतून नाट्यशिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांत बहुधा चार आश्वासने असतात : आत्मविश्वास वाढेल, सभाधीटपणा येईल, स्मरणशक्ती सुधारेल आणि व्यक्तिमत्त्वाचा विकास होईल. ही आश्वासने सर्वस्वी खोटी आहेत असे नाही. चार लोकांसमोर उभे राहून बोलण्याची सवय झालेले मूल पुढे मुलाखतीतही अडखळणार नाही, हे मान्य करण्यास हरकत नाही. प्रश्न निराळा आहे. वक्तृत्वाच्या वर्गाने, गायनाच्या वर्गाने, फार काय पोहण्याच्या वर्गानेही जे साधेल तेच नाट्यवर्गाने साधत असेल, तर नाट्यवर्ग हवा कशाला? एखाद्या कलेचा लाभ सांगायचा तर तो त्या कलेच्या स्वभावातून निघाला पाहिजे. बाहेरून चिकटविलेला असता कामा नये.

तो स्वभाव कोणता, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. नाट्यवर्गात मुलाचा शब्द ही कृती होते. तो कोणाला तरी उद्देशून उच्चारला जातो, त्याने समोरच्या माणसात काही बदल होतो आणि त्याचे उत्तर येते. भाषेचे हे मूळ रूप शाळेच्या वर्गात मुलाला क्वचितच भेटते. म्हणून नाट्यवर्ग हा प्रथम भाषेचा आणि पर्यायाने साहित्याचा वर्ग आहे. बाकीचे लाभ त्याच्या पाठोपाठ येतात.

मूल नाटक करावयास शिकत नाही. ते आधीपासून नाटक करीतच असते. भातुकलीच्या खेळात चार वर्षांची मुलगी आई होते, बाहुलीवर रागावते, आल्यागेल्याला चहा देते. आणि पाहुणा झालेला तिचा भाऊ रिकाम्या पेल्यातला तो चहा फुंकर घालून पितो. या खेळाला संहिता नाही, पडदा नाही, प्रेक्षक नाही. तरीही नाट्याचे सगळे मूलद्रव्य त्यात आहे : भूमिका आहे, प्रसंग आहे, संवाद आहे आणि दुसऱ्याने जे मानले ते आपणही मानण्याचा अलिखित करार आहे. चहा नाही हे दोघांनाही ठाऊक असते; तो गरम आहे हेही दोघांना ठाऊक असते. रसिकाने नाट्यगृहात जी वृत्ती धारण करावी म्हणून काव्यशास्त्राने इतके ग्रंथ लिहिले, ती वृत्ती या दोन मुलांना उपजत असते.

पीटर स्लेड या इंग्रज नाट्यशिक्षकाने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या 'चाइल्ड ड्रामा' या ग्रंथात हाच विचार पद्धतशीरपणे मांडला. मुलांचा हा खेळ म्हणजे मोठ्यांच्या नाटकाची कच्ची आवृत्ती नसून ती एक स्वतंत्र कला आहे, असे त्याचे प्रतिपादन. तल्लीनता आणि सच्चेपणा हे दोन गुण त्याने या कलेचे प्राण मानले. आणि मुलाला फार लवकर चौकटीच्या रंगमंचावर, प्रेक्षकांपुढे उभे केले की हे दोन्ही गुण पळतात, असा इशारा दिला. मूल मग भूमिकेतून पाहण्याऐवजी प्रेक्षकांकडे पाहू लागते आणि टाळी कोठे पडते ते शिकते.

येथे कोणी विचारील की, मूल जर मुळातच नाटक करते तर त्याला वर्ग कशासाठी? या शंकेत तथ्य आहे. उत्तर असे की, शाळेत जाण्याच्या वयात हा खेळ मध्येच तुटतो. मूल बाकावर बसते. त्याने बोलावयाचे ते प्रश्न विचारला गेला तरच. आणि त्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. भाषेच्या दृष्टीने ही मोठी विपरीत स्थिती आहे. जगात आपण प्रश्न विचारतो तो उत्तर ठाऊक नसते म्हणून. शाळेत विचारला जातो तो उत्तर ठाऊक आहे की नाही हे पाहण्यासाठी. अशा वातावरणात शब्द हा निरोप न राहता नुसता पुरावा होतो. नाट्यवर्गाचे काम तुटलेला खेळ पुन्हा जोडण्याचे आणि, भातुकलीत नसलेली एक गोष्ट त्यात आणण्याचे आहे. ती गोष्ट म्हणजे शिस्त. अर्थात छडीची नव्हे, तर कलेची.

ही शिस्त कशी येते ते प्रत्यक्ष वर्गात डोकावले म्हणजे कळते. चांगल्या वर्गात पहिल्या दिवशी संहिता वाटली जात नाही. मुले वर्तुळात उभी राहतात. मग आरशाचा खेळ होतो : दोघे समोरासमोर उभे राहतात, एक हळूहळू हालचाल करतो, दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो. काही वेळाने भूमिका बदलतात आणि शेवटी, कोण हलतो आहे आणि कोण प्रतिबिंब आहे हे बाहेरच्याला ओळखू येऊ नये, असा प्रयत्न होतो. वरवर पाहता यात नाटक कोठेच नाही. परंतु दुसऱ्याकडे इतक्या एकाग्रतेने पाहण्याचा प्रसंग मुलाच्या दिवसात दुसरा कोणताही येत नाही. त्यानंतर एखादी साधी काठी वर्तुळातून फिरते आणि प्रत्येकजण तिचे काहीतरी करतो : कोणी बासरी, कोणी वल्हे, कोणी आजोबांची लाठी, कोणी तान्हे बाळ. वस्तू तीच राहते, तिचा अर्थ मात्र हात बदलेल तसा बदलतो. उपमा आणि रूपक यांचा याहून चांगला पाठ मला तरी ठाऊक नाही.

अशा खेळांना शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय बव्हंशी व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेकडे जाते. शिकागो शहरातील 'हल हाउस' या सेवासंस्थेत नीव्हा बॉइड यांच्याकडे तिने खेळांतून शिक्षण देण्याची पद्धत आत्मसात केली. पुढे शहरातील गरीब व स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना तिला अशी साधने हवी होती की, ज्यांना भाषेचा आणि संस्कृतीचा अडसर होणार नाही. त्यातून निघालेले नाट्यखेळ तिने १९६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक खेळ अनुवादकाच्या विशेष कुतूहलाचा आहे. एक मूल पूर्णपणे निरर्थक अक्षरांच्या भाषेत भाषण करते आणि दुसरे त्याचे सर्वांना समजेल अशा भाषेत भाषांतर करते. भाषांतर करणाऱ्याला शब्दांचा आधार नसतो; स्वर, विराम, हातवारे, चेहरा आणि प्रसंग यांवरूनच त्याला अर्थ पकडावा लागतो. अनेक वर्षे भाषांतर केलेल्या माणसालाही जे पुनःपुन्हा स्वतःला बजावावे लागते, की अर्थ केवळ शब्दात नसतो, तो शब्दाच्या फेकीत आणि प्रसंगात असतो, ते दहा वर्षांचे मूल या खेळात हसत हसत आत्मसात करते.

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. जेथे मूल केंद्रस्थानी असते तेथे आरंभ आंगिकापासून होतो. शरीर मोकळे झाले की वाचिक येते. त्या दोहोंतून, साधले तर, सात्त्विकाचा स्पर्श होतो. आणि आहार्य, म्हणजे वेशभूषा व रंगभूषा, शेवटी एखाद्या ओढणीपुरते किंवा टोपीपुरते येते. याउलट जेथे स्नेहसंमेलन केंद्रस्थानी असते तेथे आहार्य प्रथम येते. शिवाजीचा जिरेटोप भाड्याने आणला जातो, मग तो कोणाच्या डोक्याला बसतो ते पाहिले जाते आणि त्या मुलाला संवाद पाठ करावयास दिले जातात. वर्ग चांगला की वाईट हे ओळखण्याची ही साधी खूण आहे.

आता भाषेच्या मुद्द्याकडे वळू. मराठी मुलगा घरी एक मराठी बोलतो आणि शाळेत दुसरी लिहितो. त्याच्या घरची मराठी वऱ्हाडी असेल, मालवणी असेल, अहिराणी असेल. शाळेत ती उमटली की तांबड्या शाईची रेघ येते. राष्ट्रात सर्वत्र हीच स्थिती आहे. भोजपुरी, तुळू, संथाळी किंवा वारली घरात बोलणारी लाखो मुले आपली भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून आत जातात. शाळेत अशी एकच जागा संभवते की, जेथे ही बोली चूक ठरत नाही, आणि ती म्हणजे नाटक. नाटकात भाषा शुद्ध की अशुद्ध असा प्रश्नच नसतो. ती त्या पात्राची आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते. बाजारात भाजी विकणारी बाई ज्या मुलाला उभी करावयाची असते त्याला आपल्या मावशीची बोली आठवावी लागते. आणि न्यायाधीश उभा करावयाचा तर ग्रंथातली मराठी हुडकावी लागते. अशा रीतीने दोन्ही भाषा त्याच्या मालकीच्या होतात आणि त्यांतील अंतर हे उच्चनीचतेचे नसून उपयोगाचे आहे, हे त्याला उमगते. भाषेचा असा वर्ग कोणत्याही पाठ्यपुस्तकाने घेतलेला नाही.

हे केवळ वाङ्मयप्रेमी मनाचे स्वप्नरंजन नव्हे. नाट्यवर्गाच्या परिणामांचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट झीरो' या संशोधन-उपक्रमांतर्गत ॲन पॉडलोझ्नी हिने ऐंशी अभ्यासांच्या निष्कर्षांची एकत्र छाननी करून २००० साली आपले निबंधरूप विवेचन प्रसिद्ध केले. वर्गात गोष्टीचे नाट्यीकरण केल्याने मुलांचे कथेचे आकलन आणि तोंडी भाषा यांत सुधारणा होते, असे तीत आढळले. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा लाभ ज्या गोष्टीचे नाट्यीकरण केले तिच्यापुरताच राहिला नाही. मुलांनी कधी न खेळलेल्या नव्या मजकुराच्या आकलनातही तो दिसून आला. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर मूल एक गोष्ट खेळले, पण गोष्ट कशी वाचावी हे शिकले.

त्याच्या उलट बाजूचा पुरावाही तितक्याच प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट पाडले. दोन गटांना वर्षभर संगीत शिकविले, एकाला नाट्य शिकविले आणि एकाला काहीच नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगीत शिकलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकात थोडी अधिक वाढ दिसली. नाट्यवर्गातल्या मुलांच्या बुद्ध्यंकात तशी वेगळी वाढ दिसली नाही. दिसली ती त्यांच्या सामाजिक वर्तनात : इतरांशी जुळवून घेण्यात, इतरांबरोबर वावरण्यात. ही सुधारणा संगीताच्या गटांत आढळली नाही. म्हणजे, नाट्यवर्गाने मूल हुशार होते अशी जाहिरात करणाऱ्याला या संशोधनाचा आधार नाही. पण मूल माणसांत येते असे म्हणणाऱ्याला आहे. कलेच्या स्वभावातून निघालेला लाभ आणि बाहेरून चिकटविलेला लाभ यांतला फरक येथे आकड्यांनीच दाखविला आहे.

माणसांत येणे याचा अर्थ दुसऱ्याच्या जागी उभे राहणे. ब्रायन वे या दुसऱ्या इंग्रज नाट्यशिक्षकाने १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात या संदर्भात एक बोलके उदाहरण दिले आहे. आंधळा म्हणजे काय, असे मुलाने विचारले तर ज्याला दिसत नाही तो, असे उत्तर देता येईल. किंवा डोळे मिटून या खोलीतून बाहेर पडण्याची वाट शोध, असेही सांगता येईल. पहिल्या उत्तराने मुलाला माहिती मिळते. दुसऱ्याने अनुभवाच्या जवळ जाता येते. डोरोथी हीथकोट या शिक्षिकेने याच्याही पुढे पाऊल टाकले. ती वर्गाबाहेर उभी राहून सूचना देत नसे. स्वतःच एखादी भूमिका घेऊन मुलांच्या नाटकात शिरे. संकटात सापडलेली, मुलांकडे सल्ला मागणारी व्यक्ती ती होई आणि मग जाणकारपणाची जबाबदारी मुलांवर येई. उत्तर शिक्षकाला ठाऊक नाही, ते आपल्यालाच शोधले पाहिजे, ही स्थिती शाळेच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांच्या नेमकी उलट आहे.

दुष्टाची भूमिका करण्यात याहून खोल शिक्षण असते. मुले कंस, चेटकीण किंवा सावकार व्हायला एका पायावर तयार असतात, हे प्रत्येक नाट्यशिक्षकाला माहीत आहे. नीतिपाठ सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना याची काळजी वाटते. वस्तुतः सावकार झालेल्या मुलाला, सावकार स्वतःला दुष्ट समजत नाही, हे प्रथमच कळते. त्याला आपल्या वागण्याची कारणे शोधावी लागतात, ती समोरच्या कुळाला पटतील अशी मांडावी लागतात आणि पटत नाहीत तेव्हा चिडावे लागते. भूमिका उतरवल्यावर तो पुन्हा स्वतःकडे येतो. परंतु जाऊन आलेला असतो. जाणे आणि परत येणे या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. वाङ्मयाच्या आस्वादाला लागते ती तटस्थता आणि तादात्म्य यांची जोडी येथे अंगवळणी पडते.

आपल्या देशात या विचाराला जुनी आणि मानाची परंपरा आहे. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली आणि तिच्या दिनक्रमात नाटकाला सणासमारंभाइतकेच स्वाभाविक स्थान दिले. १९०८ सालचे 'शारदोत्सव' हे नाटक त्यांनी तेथील मुलांसाठी लिहिले. सुट्टी लागलेली असताना आपल्या दिवंगत गुरूचे ऋण फेडण्यासाठी पोथ्या नकलणारा एक मुलगा त्यात आहे आणि संन्याशाच्या वेशातील राजा त्याच्या त्या कामातला आनंद ओळखतो. खेळ आणि काम यांच्यातला विरोध मावळण्याचा तो उत्सव आहे. गुजरातेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी गोष्ट, खेळ आणि नाट्यीकरण यांना शिक्षणाचे मुख्य साधन मानले. त्यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी तो वारसा मराठी मुलुखात आणला आणि बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांपर्यंत नेला.

मराठी रंगभूमीवर मात्र मूल बरेच आधी आले आणि ते वेगळ्या नात्याने आले. संगीत नाटकमंडळ्यांना कोवळ्या गळ्याची गरज होती. पुढे छोटा गंधर्व म्हणून गाजलेले सौदागर गोरे 'बालमोहन' मंडळीत दाखल झाले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. या मुलांनी रंगभूमीला खूप दिले. पण कंपनीच्या बिऱ्हाडात वाढलेले ते मूल खेळत नव्हते, ते पोट भरीत होते. तालीम होती, खेळ नव्हता. मूल हे रंगभूमीचे साधन नसून रंगभूमी ही मुलाचे साधन आहे, हा उलटा विचार यायला स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्यावर १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. पुढे मतकरींनी स्वतः 'बालनाट्य' ही संस्था काढून 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' यांसारखी नाटके दिली. मुलाला प्रेक्षक म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती या चळवळीमुळे. पुण्यात १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या 'ग्रिप्स' रंगभूमीची पद्धत रुजली. तीत राजाराणी आणि पऱ्या नसतात. घरातले, शाळेतले, रस्त्यावरचे आजचे प्रश्न असतात आणि मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात.

ग्रिप्सची ही रीत प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु तिच्यामुळे आपल्या विषयातला एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. मुलांसाठी नाटक आणि मुलांचे नाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मूल प्रेक्षक असते आणि तेथे प्रयोग जितका सफाईदार तितका चांगला. म्हणून तेथे कसलेले नट हवेत. दुसऱ्यात मूल कर्ता असते आणि तेथे सफाईपेक्षा शोध महत्त्वाचा. पहिल्याची कसोटी दुसऱ्याला लावली की दहा वर्षांच्या मुलाकडून कसलेल्या नटाची नक्कल मागितली जाते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली शिक्षणातील रंगभूमीसाठी स्वतंत्र पथक स्थापन केले आणि मुलांसाठी प्रयोग व मुलांबरोबर कार्यशाळा अशी दोन्ही कामे चालविली. बंगळुरात प्रेमा कारंथ यांनीही मुलांच्या रंगभूमीसाठी आपली उमेद वेचली. दोन्ही अंगे सांभाळता येतात. फक्त ती एकमेकांत मिसळू नयेत.

आज ती मिसळतात आणि त्यातून वर्गाची हानी होते. स्पर्धा जवळ आली की वर्गाचे रूप पालटते. बोलक्या मुलाला मुख्य भूमिका मिळते आणि अबोल मुलाला झाडाची. ज्याला नाट्यवर्गाची गरज सर्वांत अधिक तो मागे उभा राहतो. शिक्षक प्रत्येक वाक्याची फेक स्वतः म्हणून दाखवितो आणि मुले ती घोकतात. शाळेतल्या ज्या घोकंपट्टीतून सुटण्यासाठी वर्ग काढला तीच घोकंपट्टी हातवाऱ्यांसह परत येते. मोठ्यांना हसू यावे म्हणून मुलांच्या तोंडी मोठ्यांचे विनोद घातले जातात. स्पर्धा मुळीच नकोत असे मी म्हणणार नाही. लहान गावांतील कित्येक शाळांत नाटक उभे राहते ते स्पर्धेच्या निमित्तानेच. परंतु प्रयोग हा वर्गाचा शेवट असावा, हेतू नसावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाट्यवर्गाचे शुल्क भरू शकणाऱ्या घरातल्या मुलाला बोलण्याच्या संधी तशाही मिळतात. ज्याचे बोलणे कोणी ऐकून घेत नाही ते मूल या वर्गात पोहोचतच नाही. या दृष्टीने रत्नाकर मतकरी यांनी उतारवयात हाती घेतलेले काम मला त्यांच्या साऱ्या बालनाट्यांइतकेच मोलाचे वाटते. २०१४ पासून ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' या नावाने त्यांनी वस्त्यांमधील मुलांना एकत्र केले. या मुलांनी बाहेरून दिलेली नाटके बसविली नाहीत. आपल्याच वस्तीतले विषय घेऊन आपली नाटके आपणच रचली. २०२० साली मतकरी गेले. मुंबईत 'मधुमंजिरी'ने प्रेक्षक म्हणून मुलाला खुर्ची दिली होती. ठाण्यात त्याच लेखकाने मुलाच्या हाती लेखणी दिली. मराठी बालरंगभूमीच्या साठ वर्षांचा प्रवास या दोन टोकांत सामावतो.

शेवटी एका नाटकाचा उल्लेख करावयाचा आहे, कारण नाट्यवर्गाच्या प्रयोजनाविषयी त्याच्यापाशी फार मोठा पुरावा आहे. रवींद्रनाथांच्या 'डाकघर'मधील अमल हा आजारी मुलगा वैद्याच्या आज्ञेने घरात कोंडलेला आहे. खिडकीशी बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो. दहीवाला दिसला की त्याला दहीवाला व्हावेसे वाटते आणि तो त्याची ललकारी शिकू पाहतो. पहारेकऱ्याला तो घंटेविषयी विचारतो. समोर राजाचे टपालघर उघडले की त्याला घरोघर पत्रे वाटावीशी वाटतात. त्याच्या बोलण्याने दहीवाल्याला स्वतःचा धंदाच नव्याने सुंदर दिसू लागतो. शब्द कृती होतो आणि समोरचा माणूस बदलतो, असे जे वर म्हटले त्याचे याहून निर्मळ चित्र मला दाखविता येणार नाही. खिडकीशी बसलेला अमल हाच एक नाट्यवर्ग आहे.

हे नाटक १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सा शहरातील ज्यू वस्तीत, यानूश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी केले. कोर्चाक हे डॉक्टर, लेखक आणि शिक्षणतज्ज्ञ. नाझींनी भिंत घालून बंद केलेल्या त्या वस्तीत भूक आणि रोगराई यांचे राज्य होते. प्रयोगानंतर चारच दिवसांनी तेथील लोकांना मृत्युछावणीकडे नेण्यास सुरुवात झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक व त्यांची सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंकाला नेण्यात आली. कोर्चाक यांना स्वतःच्या सुटकेची संधी असताना त्यांनी मुलांना सोडले नाही.

नाट्यवर्गाचा लाभ जर भविष्यातील यशातच मोजावयाचा, तर त्या प्रयोगाची किंमत शून्य ठरेल. त्या मुलांना मुलाखती द्यावयाच्या नव्हत्या, त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या विकासाला काळ उरला नव्हता. तरीही त्यांनी तालमी केल्या, बंगालमधल्या एका खिडकीशी ती जाऊन बसली, दहीवाला झाली, पहारेकरी झाली आणि त्या अवधीत भिंत त्यांना अडवू शकली नाही. तो प्रयोग निरर्थक होता असे म्हणण्याचे धैर्य कोणालाही होणार नाही. आणि तसे म्हणवत नसेल, तर लाभाचा आपला हिशेब बदलला पाहिजे. मूल हे उद्याच्या नागरिकाचा कच्चा माल नाही. ते आजच पुरते माणूस आहे, आणि नाट्यवर्ग त्याला आजच्या आज जे देतो तेच त्याचे खरे देणे होय.

यात लेखकांचे आणि समीक्षकांचेही काही कर्तव्य आहे. साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवला आहे. परंतु बालनाट्याच्या संहितेची गंभीर समीक्षा आपल्या कोणत्याच भाषेत पुरेशी होत नाही. वर्गात खेळता येईल असे लेखन प्रयोगासाठीच्या लेखनाहून वेगळे असते. त्यात एकच नायक नसावा, मुलांनी भरण्याजोग्या मोकळ्या जागा असाव्यात, बोलींना वाव असावा आणि शेवट मुलांना बदलता यावा. असे लेखन सोपे नाही. पूर्णविराम कोठे देऊ नये हे कळण्याला मोठे कसब लागते. भारतीय भाषांतील अशा संहितांची परस्पर भाषांतरे झाली तर कन्नड मुलाचा खेळ मराठी मुलाला आणि मराठी मुलाचा असमिया मुलाला खेळता येईल. 'डाकघर' वॉर्साला पोहोचले ते भाषांतराच्याच वाटेने. तालीम आणि खेळ हे दोन शब्द आपल्या भाषेने जवळजवळ ठेवले आहेत; त्यांच्यामधले अंतर शाळेने वाढविले. ते पुन्हा मिटविण्याचे काम एकट्या नाट्यशिक्षकावर सोपवून आपण मोकळे होऊ नये.